आतून तिसरी

"पाव काय दरवर्षी बदलतो का?" असे आईने विचारले आणि नव्या पुस्तकाचा विषय त्या घरात तिथल्या तिथे संपला.

प्रश्न बिनतोड होता. धाकटीने मोठ्या बहिणीचे जुने पुस्तक मुकाट्याने पिशवीत टाकले. तिला याची सवय होती. तिच्या वाट्याला येणारी प्रत्येक वस्तू आधी ताईच्या अंगावरून, हातातून नाहीतर पायाखालून गेलेली असे. सायकल ताईची. ॲप्रन ताईचा, खिशापाशी भट्टीने पाडलेल्या भोकासकट. बेकरीचा अभ्यासक्रमही खरे म्हणजे ताईचाच. ताई तो पहिल्या झटक्यात पास झाली आणि आता एका मोठ्या हॉटेलात केकवर गुलाब काढत होती. धाकटी तोच अभ्यासक्रम दुसऱ्यांदा करत होती.

गेल्या वर्षी ती नापास झाली ती एकाच विषयात, पावाच्या प्रात्यक्षिकात. तेही चटका लावणारे नापास होणे होते. पीठ सुरेख मळले होते, ते फुगलेही झकास होते, पावांना आकार दिला होता तो तर परीक्षकांनी दोनदा वाकून पाहिला. मग तिने ट्रे भट्टीत सारले, दार लावले आणि हाताची घडी घालून समाधानाने उभी राहिली. भट्टी पेटवायची राहिली होती. ही चूक पुस्तकाच्या कुठल्याच आवृत्तीत नसल्यामुळे तिला कोणावर खापरही फोडता आले नाही.

संस्थेचा नियम असा, की एकाच विषयात दोनदा नापास झाले की नाव पटावरून कमी. म्हणजे यंदा पाव बिघडला तर धाकटीचा आणि बेकरीचा संबंध संपला. बाबांनी आपल्या शिंपीकामाच्या दुकानात एक स्टूल आधीच मोकळे करून ठेवले होते. "नुसतं ठेवलंय गं," ते म्हणत. "तू बसच असं नाही." पण ते स्टूल ते रोज पुसत. धाकटीला त्या पुसण्याची धडकी भरे. शिलाई मशीन नुसते दिसले तरी तिला जांभई येई, आणि मळलेल्या पिठात बोटे रुतली की मात्र दिवस बरा चालला आहे असे वाटे. तिला पाव करायला आवडत असे. याहून मोठे कारण तिच्याकडे नव्हते.

आता पुस्तकाविषयी. संस्थेत बेकरीचे एकच पुस्तक चाले, कारण ते विभागप्रमुखांनी स्वतः लिहिले होते. त्यांना विद्यार्थी पाठीमागे 'सुधारित सर' म्हणत. पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीवर ठळक अक्षरांत 'सुधारित' असे छापलेले असे, आणि प्रत्येक आवृत्तीत एक गोष्ट खरोखरच सुधारत असे, ती म्हणजे मागच्या पानावरच्या फोटोतले सरांचे केस. तिसऱ्या आवृत्तीत ते कपाळापासून बरेच मागे हटले होते. चौथ्या आवृत्तीत ते परत आले होते.

ही चौथी आवृत्ती त्याच वर्षी निघाली. पहिल्या तासाला सरांनी ती उंच धरून साऱ्या वर्गाला दाखवली.

"जुनी आवृत्ती वर्गात दिसता कामा नये," सर म्हणाले. "ज्याच्या हातात जुनी दिसेल, तो दाराबाहेर दिसेल."

"सर, दोन्हींत फरक काय आहे?" मागून एक आवाज आला.

"फरक कळायला आधी विकत घ्यावी लागते," सर म्हणाले, आणि फळा पुसायला वळले.

धाकटीच्या टेबलावर तिची जोडीदारीण होती चष्मिष. चष्मिष नियमाने वागणारी. तिच्याकडे चौथी आवृत्ती होती, तिला पारदर्शक कव्हर होते, आणि पान उलटण्याआधी ती हात धुऊन येत असे. पण मनाने दिलदार. तिने आपल्या मुखपृष्ठाची आणि मलपृष्ठाची रंगीत झेरॉक्स काढून आणली, धाकटीने ती ताईच्या पुस्तकावर खळीने चिकटवली, आणि तिसरी आवृत्ती बाहेरून चौथी झाली. आठवडाभरात वर्गातल्या आणखी काही जणांनी तोच मार्ग धरला. लांबून बघणाऱ्याला अख्खा वर्ग चौथीचा वाटे. सरांना तो जवळूनही तसाच वाटे, कारण टेबलांमधून फिरताना त्यांची नजर पुस्तकावर पडली तरी ती आधी मागच्या फोटोवर थांबे.

घोटाळा होता तो पानांचा. सर म्हणत, "पान एकशे अठ्ठावीस, पाव," आणि जुन्यावाल्यांच्या पुस्तकात तिथे बिस्किटे निघत. धाकटीने दोन-तीन तासांत याचा छडा लावला. नव्या पुस्तकात सुरुवातीला चौदा पाने वाढली होती. आधीच्या 'दोन शब्द'च्या पाठोपाठ आता 'आणखी दोन शब्द' होते, मग थोरामोठ्यांचे शुभसंदेश, आणि मग लेखकाचा अल्प परिचय. हा परिचय काही अल्प नव्हता. तेवढी चौदा पाने वजा केली की पाव बरोबर सापडत असे.

'चौदा वजा' हा जुन्यावाल्यांचा मंत्रच झाला. सरांनी आकडा उच्चारायचा अवकाश, की मागच्या टेबलांवर ओठ हलत आणि पाने फडफडत. वर्षभर हे असे बिनबोभाट चालले. पान सापडल्याच्या आनंदात एकालाही साधी शंका आली नाही, की पाने सरकली आहेत तसे आत आणखीही काही सरकले असेल. माणसाला कुलूप उघडता आले की खोली बघायचे राहून जाते, तसे त्यांचे झाले.

आणि आत सरकले होते ते यीस्ट. पूर्वी संस्थेत यीस्ट ताजे येई, ओलसर, साबणाच्या वडीसारखे. यंदापासून ते मिळेनासे झाले आणि त्याच्या जागी बारीक दाण्यांचे कोरडे यीस्ट आले. हे फार जहाल. ताजे जितके लागे, त्याचा तिसरा हिस्सा पुरतो. सरांनी हे सगळे नीट समजावून लिहिले होते, 'आणखी दोन शब्द'मध्ये. जुन्यावाल्यांकडे ते पान नव्हते. नव्यावाल्यांकडे होते, पण प्रस्तावना वाचणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे.

एरवी ही गोष्ट वर्गातच उघडकीला आली असती. पण सरांचा एक कडक शिरस्ता होता. यीस्टला विद्यार्थ्याने हात लावायचा नाही. "ते जिवंत असतं," सर सांगत. "त्याला परका हात खपत नाही." मग ते स्वतः टेबलाटेबलावर जाऊन, काट्याकडे ढुंकूनही न बघता, चिमटी-चिमटीने यीस्ट टाकत. पाव दर वेळी कापसासारखा होई. सगळ्यांना वाटे, पुस्तक चांगले आहे.

ताईच्या पुस्तकात मात्र छापलेल्याशिवायही वाचण्यासारखे बरेच होते. ताईला ओळींच्या मधल्या जागेत शाईने लिहायची खोड होती. अक्षर छापल्यासारखे, आणि मजकूर कुठे घालायचा ते दाखवणारा बाणही नेमका. लोण्याच्या ओळीखाली तिने लिहिले होते, 'सरांचं लक्ष नसेल तर अजून थोडं लोणी घालावं.' पीठ फुगत ठेवण्याच्या कृतीत बाण काढून लिहिले होते, 'इथे सर आपल्या तरुणपणाची गोष्ट सांगतात. तेवढ्यात भांडी घासून घ्यावीत.' धाकटी हे सगळे इमानाने पाळत असे. गोष्ट सांगायला सर एकदाही विसरले नाहीत, आणि भांडीही वेळेवर घासली जात.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरून परीक्षक बाई आल्या. त्यांची स्वतःची बेकरी होती, हात पीठ मळून मळून रुंद झाले होते आणि बोलणे मोजके होते. त्यांनी फळ्यावर लिहिले, 'पाव, पान एकशे अठ्ठावीस', आणि खाली 'पुस्तक बघण्यास परवानगी'. मग त्या सरांकडे वळल्या.

"परीक्षा आहे. आज तुम्ही कशाला हात लावायचा नाही."

"यीस्टलासुद्धा नाही?" सरांनी विचारले.

"यीस्टला तर नाहीच."

सरांनी हात मागे बांधले. ते बांधलेले हात बघून धाकटीला कसेसेच झाले, पण विचार करायला वेळ नव्हता.

"मैदा, मीठ, साखर, लोणी माझ्याकडे," चष्मिष म्हणाली. "यीस्ट नि पाणी तुझ्याकडे. नंतर दोघी मिळून मळू."

"चौदा वजा," धाकटी पुटपुटली, एकशे चौदावे पान काढले, यीस्टचा आकडा बोटाने दाबून धरला आणि काट्यावर दाणे ओतत गेली. बरेच ओतावे लागले. पसरट वाटी शिगोशीग भरली.

"झालं का गं? एवढंच ना?" चष्मिष म्हणाली. तिच्या चष्म्यावर मैदा उडाला होता, त्यामुळे एवढे म्हणजे केवढे, हे तिला दिसत नव्हते.

"पुस्तकात आहे तेवढंच," धाकटी म्हणाली, आणि ते खरे होते.

मळून झाल्यावर सगळ्यांच्या पातेल्या उबेच्या कपाटात गेल्या. हे कपाट म्हणजे माणूस मावेल एवढे उंच पत्र्याचे खोके. आत फळ्या, तळाशी ऊन पाण्याचे भांडे, म्हणजे पिठाला ऊब मिळावी. योगायोगाने म्हणा की मागे बसायच्या सवयीने म्हणा, जुन्यावाल्यांनी आपल्या पातेल्या वरच्या फळ्यांवर ठेवल्या आणि नव्यावाल्यांनी खालच्या. प्रत्येकीवर ओले फडके, फडक्यावर टेबलाच्या नंबराचा पुठ्ठा. बाईंनी दार ओढून कडी घातली.

"मी सांगेपर्यंत उघडायचं नाही," त्या म्हणाल्या. मग सर त्यांना आपल्या खोलीत चहाला घेऊन गेले. जाताना सरांच्या काखेत चौथ्या आवृत्तीची सही केलेली प्रत होती.

विद्यार्थी भिंतीशी बसून राहिले. मग खोलीत आंबूस वास पसरला आणि कपाटातून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"ए, कपाट हललं का गं?" चष्मिषने विचारले.

"चष्मा पूस."

चष्मिषने चष्मा पुसला, घातला आणि पुन्हा बघितले. "आता जास्त हललं," ती म्हणाली.

धाकटी उठून जवळ गेली. पत्र्याचे दार मधोमध फुगीर झाले होते, आणि खालच्या फटीतून पिठाची एक जाड जीभ हळूच बाहेर येत होती. उघडावे तर नियम मोडतो, न उघडावे तर कडी तुटते. तिने दाराला पाठ लावली आणि पाय रोवले. आतून पाठीला ऊबदार ढुशी बसली. तिने डोळ्यांनीच जुन्यावाल्यांना बोलावले. तेही एकेक करून आले आणि शेजारी पाठ लावून उभे राहिले.

एवढ्यात दारात सर आणि परीक्षक बाई.

"काय चाललंय?" सरांनी विचारले.

"काही नाही, सर," धाकटी म्हणाली. "टेकलोय जरा."

"परीक्षेत टेकता? बाजूला व्हा बघू सगळे!"

"सर, नको..."

"बाजूला व्हा म्हणतो ना!"

सरांचा हुकूम म्हटल्यावर इलाज नव्हता. सगळे बाजूला झाले. कडी आपली आपणच उडाली आणि दार सावकाश, पाहुण्याला वाट द्यावी तसे, उघडले.

आतून जे बाहेर आले ते एकसंध होते. वरच्या फळ्यांवरचे पीठ पातेल्यांची फडकी डोक्यावर घेऊन उठले होते, एकमेकांत मिसळले होते, खालच्या पातेल्यांवर उतरून त्यांनाही पोटात घेऊन पुढे निघाले होते. ते घाईत नव्हते. फरशीवर आले, जरा पसरले आणि सरांच्या बुटांपाशी येऊन थांबले. टेबलांच्या नंबरांचे पुठ्ठे त्यात इकडेतिकडे रुतले होते. सात नंबर वर तरंगत होता, दोन नंबरचा नुसता कोपरा दिसत होता, बाकीचे कुठे गेले ते पिठालाच ठाऊक.

"हे कोणाचं आहे?" सरांनी विचारले. त्यांचा आवाज चिरकला होता.

सगळ्यांच्या नजरा फरशीवर गेल्या. फरशी दिसत नव्हती.

परीक्षक बाई मात्र खाली बसल्या. त्यांनी बाह्या सारल्या आणि पिठात हात घातला. तळाशी त्यांच्या हाताला काहीतरी कठीण लागले. ते त्यांनी उपसून बाहेर काढले. खालच्या फळीवरच्या पातेलीतला गोळा होता तो, ठेवला होता तेवढाच्या तेवढा.

"हं! हे बघा," सर लगबगीने म्हणाले. "हा माझ्या पुस्तकाप्रमाणे केलेला. कसा शिस्तीत राहिलाय."

बाईंनी गोळा टेबलावर सोडला. धप्प असा आवाज झाला. त्यांनी त्यात बोट दाबले आणि काढून घेतले. खड्डा तसाच राहिला.

"सर, हा फुगलेलाच नाही."

"वेळ लागत असेल त्याला."

बाईंनी हात पुसले, सरांनी चहाबरोबर दिलेली ती सही केलेली प्रत काढली, एकशे अठ्ठाविसावे पान उघडले आणि बराच वेळ एकाच ओळीकडे बघत राहिल्या. "एवढ्याशा यीस्टनं एवढा मैदा फुगेल? कोरडं धरलं तरी याच्या तिप्पट लागेल."

"शक्यच नाही," सर म्हणाले. "ताज्याचा मी स्वतः तिसरा हिस्सा केलाय. तीननं भागून."

"हा तिसऱ्याचा तिसरा आहे. दोनदा भागलंय."

सरांनी पुस्तक हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले, लांब नेले. मग त्यांचा चेहरा पडला. छपाईआधीची तपासणी त्यांनी जावयांकडे दिली होती. जावई याच संस्थेत शिकलेले, कामसू आणि सासऱ्यांच्या धाकात असलेले. यीस्ट आता कोरडे येते हे त्यांना ठाऊक होते. सासरे विसरलेले दिसतात, उगाच कशाला तोंडावर सांगा, अशा समजुतीने त्यांनीही तीनने भागले होते. ही गोष्ट सर कोणाला बोलले नाहीत. "मुद्रणदोष," एवढेच ते म्हणाले.

"बरं. मग जे फुगलं ते कुठल्या पुस्तकाप्रमाणे?" बाईंनी वर्गाकडे बघून विचारले.

जुन्यावाले एकेक करून एकमेकांच्या मागे सरकू लागले आणि शेवटी मागे सरकायला भिंत उरली.

"कोणी सांगणार नसेल तर मला परीक्षा रद्द धरावी लागेल," बाई म्हणाल्या. "सगळ्यांची."

परीक्षा रद्द म्हणजे नापास, नापास म्हणजे दुसऱ्यांदा नापास. डोळ्यांपुढे ते पुसलेले स्टूल लख्ख उभे राहिले. आणि सांगावे तर जुनी आवृत्ती उघडी पडते, म्हणजे दाराबाहेर. दोन्हीकडून स्टूलच. तिने शेजारी बघितले. चष्मिष कडेला उभी राहून, आपली काही चूक नसताना, चष्म्याखालून डोळे पुसत होती. ते बघितल्यावर मात्र धाकटीला राहवेना. तिने हात वर केला.

"मी घातलं, मॅडम. पुस्तकाप्रमाणेच."

बाईंनी तिचे पुस्तक मागून घेतले. मुखपृष्ठ बघितले, पान उघडले, पुन्हा मुखपृष्ठ बघितले, आणि नखाने त्याचा कोपरा उचलून पाहिला.

"ही चौथीच आहे ना?"

"बाहेरून, मॅडम."

"आणि आतून?"

"आतून तिसरी," धाकटी म्हणाली.

सरांनी बोलायला तोंड उघडले. बाईंनी एका हातात चौथी आणि एका हातात तिसरी धरून त्यांच्याकडे शांतपणे बघितले. सरांनी हात पुन्हा मागे बांधले.

"एकीत तिप्पट, एकीत तिसरा हिस्सा," बाई म्हणाल्या. "टाकून काही द्यायचं नाही. फरशीला लागलंय तेवढं कापून काढा, बाकीचं टेबलावर घ्या. हात धुवा आणि मळा सगळं एकत्र."

"एकत्र?" सर आणि वर्ग एकदमच म्हणाले.

"आवृत्त्या तुम्ही वेगळ्या केल्यात. पीठ एकच आहे."

मग साऱ्या वर्गाने मधल्या मोठ्या टेबलाभोवती उभे राहून तो डोंगर मळला. जुन्यावाल्यांचे लवलवते पीठ आणि नव्यावाल्यांचे मुके गोळे एकमेकांत जिरवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. सर हात मागे बांधून फेऱ्या मारत होते. सवयीने ते तरुणपणाची गोष्ट सांगू लागले, आणि धाकटीने सवयीने भांडी घासून घेतली. पीठ पुन्हा फुगले, या वेळी मापात. बाईंनी प्रत्येक टेबलाला सारखा वाटा कापून दिला. आता आकार आणि भाजणे, यावरच काय ते गुण.

इथून पुढे धाकटीला पुस्तक लागत नव्हते. तिची बोटे कामाला लागली. गोळे एकसारखे उतरले, ट्रेमध्ये रांगेत बसले. तिने भट्टीचे दार उघडून आत हात धरला, बंद केले, वाकून खालची ज्योत बघितली, आणि पुन्हा दार उघडून हात धरला.

"पेटलीय गं बाई," चष्मिष म्हणाली. "आता काय तिला विचारून घेणार आहेस?"

"बघू दे एकदा."

"ॲप्रन जळेल तुझा."

"जळलेलाच आहे," धाकटी म्हणाली, आणि ट्रे आत सारला.

पाव निघाले ते असे, की वर सोनेरी आणि आत कापूस. बाईंनी धाकटीच्या ट्रेमधला एक मोडला, हुंगला, खाल्ला. मग दुसरा तुकडाही खाल्ला, जो परीक्षेत खायचा नसतो.

"छान. असा पाव माझ्या बेकरीतसुद्धा रोज होत नाही."

"शेवटी आमचं पुस्तक..." सरांनी सुरुवात केली.

"कुठलं?" बाईंनी विचारले.

सर खिडकीबाहेर बघू लागले.

धाकटी पास झाली. बाबांनी दुकानातल्या टेबलावरची इस्त्री उचलून त्या स्टुलावर ठेवली आणि मग "जागा बरी आहे इस्त्रीला," असे दोनदा म्हणाले. खट्टू झाले होते बिचारे, पण संध्याकाळी चार पाव त्यांनीच संपवले. जुनी आवृत्ती बाळगल्याबद्दल सरांनी कोणालाच दाराबाहेर काढले नाही. त्यासाठी त्यांना आधी चौथीचे काय झाले ते बोलावे लागले असते, आणि तो विषय त्यांना नको होता.

उलट एक दिवस ते स्वतःच धाकटीला जिन्यात गाठून, आजूबाजूला कोणी नाही असे बघून म्हणाले, "ते तुझं... ते पुस्तक आहे का अजून?"

"कुठलं, सर?"

"तेच गं. आतून जे आहे ते."

त्याचे असे झाले होते, की कोणी वापरू नये म्हणून सरांनी तिसऱ्या आवृत्तीच्या असतील नसतील तेवढ्या प्रती वर्षाच्या सुरुवातीलाच रद्दीत घालवल्या होत्या, स्वतःच्यासुद्धा. आता पाचवी आवृत्ती काढायची तातडी होती. चौथीवर विश्वास उरला नव्हता आणि तिसरी हाताशी नव्हती. धाकटीने पुस्तक दिले. सरांनी ते कागदात गुंडाळून नेले. त्यांनी ते फक्त यीस्टच्या पानाशी उघडले, बाकी कशाकडेही न बघता तो एक आकडा स्वतः दुरुस्त केला, आणि बाकीचे 'जसेच्या तसे घ्यावे' असे वर लिहून छापखान्यात पाठवून दिले. या वेळी तपासणीचे काम पुन्हा जावयांकडेच होते, पण त्यांना सक्त ताकीद होती, की एका अक्षराला हात लावायचा नाही. जावयांनी ती तंतोतंत पाळली.

पाचवी सुधारित आवृत्ती निघाली. सरांनी पहिली प्रत सही करून धाकटीला दिली. जुने पुस्तक छापखान्यात कुठे गहाळ झाले म्हणे, त्याची ही भरपाई. मागच्या फोटोत सरांचे केस आता कानांवर आले होते.

धाकटी ते पुस्तक छातीशी धरून घरी आली. तिला खरोखर भरून आले होते. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातात कोरी वस्तू आली होती, जी ताईने आधी वापरलेली नव्हती. पानांना शाईचा वास येत होता. कुठे डाग नाही, कुठे घडी नाही. आई आणि सुट्टीवर आलेली ताई, दोघी बघायला जवळ आल्या. धाकटीने हात पुसले आणि मोठ्या मानाने पावाचे पान उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"मैदा चाळून घ्यावा. मीठ व साखर मिसळावी. सरांचं लक्ष नसेल तर अजून थोडं लोणी घालावं..."

ती थांबली. पुढची ओळ तिने मनातच वाचली. पीठ ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावे. इथे सर आपल्या तरुणपणाची गोष्ट सांगतात. तेवढ्यात भांडी घासून घ्यावीत. सगळे स्वच्छ छापलेले, एका अक्षराचीही चूक नव्हती.

ताई आधी पांढरी पडली, मग हसत सुटली, आणि हसता हसता खाली बसली. "अगं, हे माझंच आहे की!"

"असणारच," धाकटी म्हणाली. "या घरात माझ्याकडे आणखी कोणाचं येणार?"

"मी म्हटलं नव्हतं?" आई आत जाता जाता म्हणाली. "पाव काय दरवर्षी बदलतो का?"

धाकटीने पुस्तक टेबलावर आडवे ठेवले. मग तिने ताईच्या पर्समधले पेन काढून घेतले, मैद्याच्या ओळीच्याही वर एक नेमका बाण काढला आणि शक्य तेवढ्या वळणदार, छापल्यासारख्या अक्षरात लिहिले, 'सगळ्यात आधी भट्टी पेटवावी.'